पौर्णिमेच्या चंद्राचे अग्रभागासह छायाचित्रण

पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण चंद्र आणि त्याच्या पुढ्यातले दृश्य, मग ते झाड असो, मनोरा असो वा डोंगर, या दोन्हींचा तपशील एकाच छायाचित्रात टिपण्याचा प्रकार. त्यात सगळी अडचण उजेडाच्या तफावतीची आहे. चंद्रावर थेट ऊन पडलेले असते, म्हणून त्याला दिवसाच्या दृश्यासारखेच एक्स्पोजर (कॅमेऱ्यात शिरू दिलेल्या उजेडाचे प्रमाण) लागते. ढोबळ नियमाने आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १०० ला एफ/११ ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) आणि १/१०० सेकंद. जमिनीवर मात्र पौर्णिमेच्या चांदण्यातही जेमतेम पाव लक्स (उजेड मोजण्याचे एकक) उजेड पोहोचतो, तर भर उन्हात सुमारे एक लाख. हा फरक १८ स्टॉपांहून अधिक भरतो; एक स्टॉप म्हणजे उजेडात दुपटीचा फरक. त्यामुळे रात्री चंद्र सांभाळला तर जमीन काळी पडते आणि जमीन उजळवली तर चंद्राची नुसती पांढरी चकती उरते.

खरा उपाय वेळ निवडण्यात आहे. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो, त्यामुळे पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी तो बहुधा सूर्यास्तापूर्वीच वर आलेला असतो आणि दृश्यावर अजून मावळतीचे ऊन किंवा संधिप्रकाश असतो. पौर्णिमेनंतरच्या सकाळी हीच संधी पश्चिमेला मिळते. क्षितिजालगतचा चंद्र हवेच्या जाड थरामुळे मंद दिसतो, तेही पथ्यावर पडते. अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स यांचे १९४१ मधले ‘मूनराइज, हर्नान्डेझ, न्यू मेक्सिको’ हे प्रसिद्ध छायाचित्र अशाच वेळचे. दफनभूमीतल्या क्रुसांवरचे ऊन सरत होते, प्रकाशमापक सापडेना, तेव्हा त्यांनी चंद्राच्या माहीत असलेल्या तेजस्वितेवरून एक्स्पोजर ठरवले. पुढचा भाग तरीही निगेटिव्हवर फिका राहिला, म्हणजे तिथला उजेड कमी नोंदला गेला. तो पुढे रासायनिक प्रक्रिया करून सुधारावा लागला.

चंद्राचा कोनीय व्यास अवघा अर्धा अंश. २०० मिलिमीटरच्या लेन्सने सेन्सरवर त्याची प्रतिमा दोन मिलिमीटरही भरत नाही. २० मीटर उंच मनोरा चंद्राएवढा दिसायला तो सुमारे २.२ किलोमीटर दूरून टिपावा लागतो.

अंधार पडल्यावर ट्रायपॉड न हलवता, त्याच लेन्सने दोन एक्स्पोजर घेऊन ती जोडणे रास्त आहे. टेलिफोटोने (दूरचे मोठे दाखवणाऱ्या लेन्सने) टिपलेला मोठा चंद्र रुंद दृश्यावर चिकटवला की आकाराचे नातेच खोटे होते, आणि तसे चित्र निदान तसे सांगूनच दाखवावे. दोन फ्रेममध्ये फार वेळ जाऊ देऊ नये, कारण चंद्र सुमारे दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाइतका सरकतो.