कुर्ली, बांध आणि मामांची स्लाईड

गोव्यात चोडणला माझ्या मामांचं खाजन शेत आहे, म्हणजे खाडीकाठचं. भरतीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून जो बांध असतो ना, त्याला सगळ्यात जास्त त्रास कुर्ल्यांचा, म्हणजे खेकड्यांचा, त्या बिळं पाडतात, आणि बीळ वेळेत चिखल-पेंढा कोंबून बुजवलं नाही तर बघता बघता खिंडार पडतं. दोन वर्षांपूर्वी मामांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. त्याआधी सहा महिने शौचातून रक्त जायचं, आणि मूळव्याध म्हणून नुसती मलमं आणि गोळ्या चालल्या होत्या, बोट घालून तपासणंसुद्धा झालं नाही, याचा राग माझा अजून गेलेला नाही. ऑपरेशननंतर मी त्यांना म्हटलं, कर्करोगातला कर्क म्हणजे आपली कुर्लीच. तर मामा म्हणाले, "नुसत्या कुर्लीनं बांध जात नाही गो बाय, बांध बघणारी माणसं फिरली की जातो."

हे त्यांनी सहज म्हटलं, पण गेल्या वीसेक वर्षांत शास्त्रज्ञ आतड्याच्या कॅन्सरबद्दल जे सांगतायत ते जवळपास हेच आहे.

आतड्याचं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. अस्तरात छोट्या छोट्या विहिरींसारखे खळगे असतात, तळाशी मूळ पेशी, तिथून नवीन पेशी वर सरकत जातात आणि काठावर आल्या की झडून जातात. तळाच्या पेशींना "वाढा" आणि वरच्यांना "आता पुरे" हा निरोप बऱ्याच अंशी शेजारी देतात, म्हणजे खळग्याला बाहेरून चिकटून बसलेल्या फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी. त्यांचं दुसरं काम डागडुजीचं. कुठे जखम झाली की तिथे धावायचं, कोलॅजनचे धागे विणायचे, भोक बुजवायचं, काम झालं की गप्प बसायचं.

कॅन्सरची सुरुवात मात्र अस्तराच्याच पेशीत होते, बहुतेक वेळा एपीसी नावाचं जनुक बिघडून. मग छोटा कोंब येतो, त्याला पॉलिप म्हणतात, आणि त्याचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. पसरण्यासाठी या पेशींना शेजाऱ्यांची गरज पडते. त्या टीजीएफ-बीटा नावाचं रसायन सोडतात, फायब्रोब्लास्टना वाटतं जखम झाली आणि ते डागडुजीला लागतात, पण ही जखम कधी भरतच नाही त्यामुळे त्यांचं कामही थांबत नाही. अमेरिकेतल्या हॅरोल्ड ड्वोरॅक यांनी 1986 मध्येच ट्यूमरला "न भरणारी जखम" म्हटलं होतं. कोलॅजन साचत जातं, भाग टणक होतो, आणि हेच फायब्रोब्लास्ट असे एन्झाइम सोडतात जे ऊतीची जाळी कापतात. बांध घालणाऱ्यांनीच वाट करून द्यावी तसं. त्यांनी सोडलेल्या एचजीएफ या रसायनामुळे कॅन्सरच्या प्रौढ झालेल्या पेशीसुद्धा पुन्हा मूळ पेशींसारख्या वागू लागतात, हे 2010 मध्ये दिसलं.

मला सगळ्यात भारी वाटलं ते इटलीतल्या तुरीनच्या लोकांचं 2015 चं काम. आतड्याच्या कॅन्सरचा एक प्रकार जास्त वाईट, लवकर पसरणारा, आणि त्यात काही ठराविक जनुकं जोरात चालू असतात. सगळ्यांना वाटायचं ती कॅन्सरच्या पेशींची. या लोकांनी माणसाचा ट्यूमर उंदरात वाढवला. तिथे कॅन्सरच्या पेशी माणसाच्या राहतात पण भोवतालच्या पेशी हळूहळू उंदराच्या होतात, त्यामुळे कोणतं जनुक कोणाचं ते वेगळं ओळखता येतं, आणि ती वाईट जनुकं उंदराची निघाली, म्हणजे शेजाऱ्यांची! त्याच वर्षी बार्सिलोनाच्या एदुआर्द बात्ये यांच्या गटानेही फायब्रोब्लास्टकडेच बोट दाखवलं.

गंमत अशी की कॅन्सरच्या पेशी बऱ्याचदा टीजीएफ-बीटाला स्वतः बहिऱ्या झालेल्या असतात, ऐकतात ते शेजारीच. आतड्याचं रक्त एका मोठ्या शिरेतून आधी लिव्हरमध्ये जातं म्हणून हा कॅन्सर पसरला तर बहुतेक वेळा तिथेच पोचतो, आणि तिथेही हाच निरोप चालतो. बार्सिलोनाच्याच गटाने 2018 मध्ये उंदरांमध्ये हे रसायन अडवलं तेव्हा बाहेर अडकून पडलेल्या रोगप्रतिकारक टी-पेशी ट्यूमरमध्ये शिरल्या. मग सगळे फायब्रोब्लास्टच मारून टाकावेत असं वाटेल, पण तसं नाही. 2014 मध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर उंदरांत ते करून बघितलं तर कॅन्सर उलट जास्त बेफाम झाला. काही शेजारी अजून बांध धरूनच बसलेले असतात ना.

मामांची स्लाईड, म्हणजे काढलेल्या ट्यूमरचा काचेवरचा पातळ काप, पॅथॉलॉजीच्या मॅडमनी मला मायक्रोस्कोपखाली दाखवली. जांभळ्या कॅन्सरच्या पेशी, मधेमधे गुलाबी धाग्यांचे पट्टे, म्हणजे शेजारी आणि त्यांचं कोलॅजन, आणि कडेला त्या गुलाबीत सुटून गेलेल्या जांभळ्या पेशी, कुठे एकटी, कुठे दोन-तीन. जास्तीत जास्त चार पेशींच्या अशा पुंजक्याला बड म्हणतात, ठरलेल्या जागेत दहा किंवा जास्त दिसले तर धोका जास्त धरतात. मामांचे बारा होते. आजूबाजूच्या लसिका गाठींपर्यंत काही पोचलं नव्हतं, स्टेज दुसरी, तरी हे बड बघून डॉक्टरांनी केमो द्यायचं ठरवलं. नेदरलँड्समधल्या लायडेनच्या डॉक्टरांनी तर साध्या स्लाईडवर फक्त गुलाबी भाग मोजला, तो अर्ध्याहून जास्त असेल तर पुढचं चित्र वाईट असतं असं दाखवलं. त्याला महागडी मशीन लागत नाही, म्हणून मला ते फार आवडलं. आपल्याकडच्या रिपोर्टमध्येही हा आकडा लिहिला जावा असं मनापासून वाटतं.

केमो झाली, आता मामा परत बांधावर जातात, तीन-तीन महिन्यांनी रक्त तपासतात. सख्ख्या भावाला झाला म्हणून आईलाही कोलोनोस्कोपी करायला सांगितली. तिने आधी खूप आढेवेढे घेतले, शेवटी गेल्या महिन्यात केली. एक छोटा पॉलिप निघाला, मुगाएवढा, तो त्याच वेळी काढून टाकला.