गाविलगड भ्रंश

गाविलगड भ्रंश म्हणजे सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी असलेला जमिनीतला जुना मोठा फॉल्ट, म्हणजे जिथं जमीन तुटून एक बाजू वर-खाली सरकली ती रेषा, शाळेच्या पुस्तकात याला प्रस्तरभंग म्हणतात. अकोट-तेल्हाऱ्याच्या वरच्या अंगानं निघून परतवाड्याजवळून तो मोर्शी तालुक्यातल्या सालबर्डीकडे जातो. बऱ्याच जणांना वाटतं की फॉल्ट म्हणजे पाय अडकेल अशी भेग, तर तसं नाही, अंजनगाव सुर्जीकडून संध्याकाळी उत्तरेला पाहा, सपाट वावरं संपली की मेळघाटचे डोंगर एका ओळीत भिंतीसारखे उभे दिसतात, ती ओळच फॉल्टची खूण आहे.

साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हाचे थरावर थर पसरले आणि त्याचा काळा दगड झाला. पुढे जमीन या रेषेवर तुटली, उत्तरेकडचा भाग वर राहिला आणि पूर्णा नदीकडचा खाली बसला. त्यामुळे चिखलदऱ्याला जो काळा दगड ११०० मीटर उंचीवर उघडा दिसतो तोच दर्यापूरकडे वावराच्या खाली शेकडो फूट गाळात गाडलेला आहे. सालबर्डीला तर अजून गंमत, तिथं काळ्या दगडाच्या खालचे जुने वाळूचे अन चुन्याचे दगड वर आलेत, त्यात डायनासोरची अंडीसुद्धा सापडली आहेत, आणि गरम पाण्याचा झरा आहे. महाशिवरात्रीला यात्रेत जाणाऱ्यांनी महादेवाचं दर्शन झालं की माडू नदीकाठचे दगड पण जरूर पाहावे.

भूकंपाचं म्हणाल तर भारताची प्लेट, म्हणजे आपला देश ज्यावर आहे तो पृथ्वीच्या कवचाचा मोठा तुकडा, दरवर्षी अंदाजे ५ सेंटीमीटर ईशान्येकडे सरकते, म्हणजे चार-पाच वर्षात एक वीत. तिकडे हिमालयात ती आशियाच्या प्लेटला रेटते आणि तो दाब मागं पार नर्मदा-तापीच्या पट्ट्यापर्यंत येतो, अन जुन्या तुटलेल्या जागा कधीतरी हलतात. १४ मार्च १९३८ ला सातपुड्यात ६ च्या वर तीव्रतेचा भूकंप झाला होता, पण तो जवळपास ४० किलोमीटर खोल होता. २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप याच मोठ्या पट्ट्यातला. किल्लारीला १९९३ मध्ये माणसं मेली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंतीखाली दबून, मेळघाटातली कोरकू आदिवासींची कुडाची घरं त्या मानानं हलकी, बांबूची असल्यानं हलतात पण माणसावर दगड पडत नाही.

पण माझ्या मते या भ्रंशाचा रोजचा परिणाम भूकंपात नाही, विहिरीच्या पाण्यात आहे. डोंगरातून उतरणाऱ्या चंद्रभागा, शहानूर, सापन, वान या नद्या पायथ्याशी आल्या की वेग कमी होतो, मग मोठे गोटे, वाळू तिथंच टाकतात, बारीक चिकणमाती पुढे नेतात. म्हणून पायथ्याला बोर मारताना गोल गुळगुळीत गोटे निघतात, पाणी गोड, अचलपूर-चांदूर बाजारकडचा संत्रा त्याच पाण्यावर उभा राहिला. पायथ्याच्या या गोटे-वाळूच्या पट्ट्याला बजाडा म्हणतात. तिथून काही कोस दक्षिणेला उतरलं की खारपाणपट्टा लागतो, अमरावती, अकोला, बुलडाणा तिन्ही जिल्ह्यात. तिथं बोर मारला तर दगड लागतच नाही, पिवळी चिकणमाती निघत राहते आणि पाणी लागलं तरी खारं. त्या पाण्यात तुरीची डाळ तासभर शिजत ठेवली तरी दाणा कच्चाच राहतो, अन तेच पाणी वावराला दिलं तर जमीन चोपण होते, वरून पांढरी पापडी धरते, आतमध्ये पाणी मुरत नाही. त्यामुळे लोकं पावसावरचा कापूस, तूर आणि ओलीवरचा हरभरा घेतात, शेततळं खोदतात, आणि प्यायला वान, शहानूरच्या धरणातून पाइपलाइननं पाणी येते.

म्हणजे खालची गावं पण शेवटी डोंगराच्याच पाण्यावर जगतात. आणि इकडे वरूड-मोर्शीत एका बागेत दोन-दोन चार-चार बोर झाले, पाणी उपसून पातळी इतकी खाली गेली की उन्हाळ्यात बागा वाळतात. गोट्यांच्या या थरात पाऊस पटकन मुरतो, नाल्यावर बांध घालून पाणी अडवलं तर ते थेट खाली जातं, चिकणमातीच्या पट्ट्यात हेच काम होत नाही.