दोर, तार आणि इंजिन : जुन्या शिडाच्या बोटीच्या देखभालीची पार्श्वभूमी

तीस-चाळीस वर्षांची शिडाची बोट विकत घेणाऱ्या ठाण्याच्या किंवा नवी मुंबईच्या हौशी मालकाला जाणकार मंडळी सुरुवातीलाच दोन सल्ले देतात. डोलकाठी ताणून धरणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या तारा चकचकीत दिसत असल्या तरी बदला, आणि काळवंडलेले डिझेल इंजिन मात्र उघडून पाहिल्याशिवाय भंगारात देऊ नका. वरवर उलटे वाटणारे हे सल्ले समजून घ्यायचे, तर बोटीची झीज गेल्या दोनशे वर्षांत डोळ्यांआड कशी होत गेली हे पाहावे लागते.

ठाण्याची खाडी आणि उल्हास नदीचा पट्टा हा जुन्या नौकाबांधणीचा मुलूख आहे. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांच्या आरमाराची पहिली जहाजे याच पाण्यावर बांधली जाऊ लागली. पुढेही, इंजिने येईपर्यंत, इथल्या होड्या-मचव्यांवरचे बहुतेक सामान झाडापासून आलेले असे : सागाच्या फळ्या, काथ्याचे दोर, सुती शीड. तिरक्या परबाणावरचे (शीड बांधायच्या लांब काठीवरचे) त्रिकोणी शीड एका बाजूकडून दुसरीकडे घेताना डोलकाठीचे तणावे, म्हणजे तिला ताणून धरणारे दोर, सोडून वाऱ्याच्या बाजूला पुन्हा बांधावे लागत, त्यामुळे प्रत्येक दोर दिवसातून अनेकदा खलाशाच्या हातातून जाई. काथ्या खाऱ्या पाण्याला सहसा दाद देत नाही, पण घासला की त्याचे तंतू वर येऊन तळहाताला टोचतात, आणि दोर तुटण्याच्या बराच आधी त्याची खबर लागते.

देखभालीचे वेळापत्रक पावसाने ठरवलेले होते. दिवाळे, सारसोळे किंवा चेंदणीसारख्या कोळीवाड्यांत पावसाच्या तोंडावर होड्या ओढून वर घ्यायच्या, शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटायच्या, असा क्रम होता. मधल्या काळात सांध्यांतला कुजलेला कापूस काढून तेलात भिजवलेला नवा ठोकला जाई, लाकूड पोखरणाऱ्या किड्यापासून तळ वाचवण्यासाठी चुना आणि चरबीचा लेप दिला जाई. दरवर्षी सगळी होडी उघड्यावर येऊन हाताखालून जाण्याची ही सक्ती आजच्या कोणत्याही देखभाल-पुस्तिकेपेक्षा जास्त कामाची होती, असे म्हणायला हरकत नाही.

बदलाची सुरुवात समुद्रापासून दूर, एका खाणीत झाली. जर्मनीतल्या हार्त्स डोंगरातल्या खाणींमध्ये साखळ्या अचानक तुटत, म्हणून विल्हेल्म आल्बर्ट यांनी १८३४ मध्ये लोखंडी तारा वळून दोर तयार केला. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये सोरेल यांनी लोखंडावर जस्ताचा थर चढवण्याचे पेटंट घेतले, आणि पुढच्या काही दशकांत जहाजांच्या डोलकाठ्यांचे तणावे तारेचे झाले. जस्त चढवलेली तार गंजते, पण गंजताना तांबूस ओघळ सोडते, म्हणजे अजूनही दोष दिसत होता. १९१३ मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी गंजाला दाद न देणारे पोलाद, म्हणजे स्टेनलेस स्टील, तयार केले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अशा पोलादाच्या तारा शिडाच्या बोटींवर रूढ झाल्या. खरी पंचाईत इथून सुरू होते.

स्टेनलेस स्टीलवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिपातळ थर असतो आणि तो टिकायला हवेतला किंवा पाण्यातला ऑक्सिजन लागतो. तारेचे टोक ज्या धातूच्या नळीत दाबून बसवलेले असते, तिच्या आत खारे पाणी साचून राहते. तिथे ऑक्सिजन पोहोचत नाही, थर फुटतो आणि धातू आतून खाल्ला जातो. एकोणीस काड्यांची तार बाहेरून नव्यासारखी असताना नळीच्या गळ्याशी केसाएवढी उभी चीर पडलेली असू शकते, जी भिंग लावून आणि चहाच्या रंगाचा डाग शोधूनच सापडते. डेकमधून आरपार जाऊन तणाव्यांचा भार झेलणाऱ्या पट्ट्यांचे तर याहून वाईट, कारण त्यांचा सर्वांत धोक्याचा भाग डेकच्या जाडीत लपलेला असतो. म्हणून साधारण दहा-बारा वर्षांनी तारा बदलण्याचा प्रघात पडला. आपल्याकडच्या उष्ण, दमट, खारट हवेत तो काळ आणखी कमी धरलेला बरा.

हा प्रश्न ‘जुन्या’ बोटीचा झाला तो फायबरग्लासमुळे. लाकडी बोटीत सांगाडा आणि सामान बरोबरीने म्हातारे होत. मुंबईत सागवानात बांधलेली बत्तीस फुटी ‘सुहैली’ घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि २२ एप्रिल १९६९ रोजी ते फाल्मथला परतले. वाटेत तळाचे सांधे गळू लागल्यावर त्यांना भर समुद्रात बुडी मारून कापूस ठोकावा लागला होता. नेमक्या त्याच सुमारास पाश्चात्त्य देशांत फायबरग्लासच्या बोटी कारखान्यांतून निघू लागल्या होत्या, आणि त्यांची जाड कवचे पन्नास वर्षांनंतरही शाबूत आहेत. एका कवचाच्या आयुष्यात तारांचे चार-पाच संच आणि एक-दोन इंजिने खपतात.

इंजिनाचा इतिहास तुलनेने सरळ आहे. छोट्या बोटींत आधी पेट्रोलची इंजिने होती, ज्यांची वाफ बोटीच्या तळाशी साचून आगी लागत. जपानच्या यानमारने १९३३ मध्ये छोटे डिझेल इंजिन बाजारात आणल्यानंतर हळूहळू डिझेल रुळले. आपल्या किनाऱ्यावर स्वातंत्र्यानंतर सरकारी मदतीने मासेमारी होड्यांत इंजिने बसू लागली. शीड काही वर्षे अडीअडचणीला ठेवले गेले आणि मग गेले. डिझेल इंजिन धूर, आवाज आणि तेलाच्या रंगातून आपली तब्येत सांगते, आणि म्हणूनच ते जुने असले तरी वाचवता येते. त्याची दुखणी बहुधा पाण्याच्या वाटेवर असतात. थेट खाऱ्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचे तापमान साठ अंशांच्या आसपास रोखावे लागते, नाहीतर आत क्षार बसतात; शिवाय ठाणे खाडीचे पाणी गाळाचे, त्यामुळे पंपातले रबरी चक्र आणि बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्याचे बेअरिंग इथे लवकर झिजते. दांडा खराद करून घेणे मात्र अवघड नाही. १९६२ मध्ये एमआयडीसी (महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ) स्थापन झाल्यावर वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात वाढलेल्या कारखान्यांनी लेथवर हात बसलेले कारागीर या भागाला दिले.

१९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाल्यापासून उंच डोलकाठीच्या बोटीला तिथून वर जायचे तर काठी आडवी करावी लागते. ती आडवी केली की वरच्या टोकाच्या कप्प्या आणि जोड हाताशी येतात, ही संधी मालकाने दवडू नये.

अलीकडे तारांच्या जागी डायनीमा या कृत्रिम तंतूचा दोर येतो आहे. तो पोलादापेक्षा कितीतरी हलका असतो, त्याची टोके मालकाला स्वतः गुंफता येतात आणि घासला की त्याचे तंतू वर येतात. मात्र सततच्या ताणाखाली तो हळूहळू लांबतो, म्हणून त्याची जाडी ताकदीपेक्षा या लांबण्याच्या हिशेबाने निवडावी लागते. जुन्या बोटीवर तो चढवण्याआधी तारेने खाचा पाडलेल्या कप्प्या आणि धारदार झालेल्या खिळी बदलणे भाग असते, कारण तिथेच तो आधी कापला जातो.