जामी एकच, पॅकेजं दोन

डेबियन १२ या लिनक्स प्रणालीवर जामी हे कॉलिंगचं सॉफ्टवेअर बसवायचं तर ते दोन ठिकाणांहून येऊ शकतं. एक डेबियनच्या भांडारातून (म्हणजे जिथून तयार पॅकेजं उतरवता येतात तो साठा), दुसरं जामीच्या कर्त्यांच्या स्वतःच्या भांडारातून. नाव तेच, फाइल दोन्हीकडे डेब (डेबियनच्या पॅकेजचा साचा), कमांडही तीच: सुडो एपीटी इन्स्टॉल जामी. एपीटी म्हणजे पॅकेजं बसवणारं डेबियनचं साधन. त्यामुळे लोक दोन्ही एकच धरून चालतात.

(जामी म्हणजे मॉन्ट्रियलच्या सावोआर-फेर लिनक्सचं इंटरनेट कॉलिंगचं सॉफ्टवेअर. आधी एसएफएलफोन, मग २०१५ मध्ये रिंग, २०१८ च्या अखेरीस जामी. बारसं तीनदा झालंय.)

खरा फरक सोबतच्या लायब्ररींत, म्हणजे सॉफ्टवेअरला लागणाऱ्या तयार कोडच्या गठ्ठ्यांत आहे. कर्त्यांचं पॅकेज घरून डबा बांधून आणतं, म्हणजे लायब्ररींच्या स्वतःच्या प्रती सोबत आणतं. खिडक्या-बटणं दाखवणारी क्यूटी लायब्ररीसुद्धा लिबक्यूटी-जामी नावाने आपलं आपलं येतं. डेबियनच्या धोरणात अशा कोंबलेल्या प्रती टाळा असं लिहिलेलं आहे, म्हणून डेबियनचं जामी व्हिडिओसाठी सिस्टिममधलीच एफएफएमपेग ही लायब्ररी वापरतं. उद्या एफएफएमपेगमध्ये भोक सापडलं, तर डेबियन ते एका जागी बुजवतं आणि त्यावर चालणाऱ्या सगळ्यांचं काम होतं. डब्यातल्या प्रतीला मात्र कर्ते नवं पॅकेज काढेपर्यंत थांबावं लागतं.

पीजेप्रोजेक्ट या लायब्ररीपाशी मात्र डेबियनलाही या धोरणाला मुरड घालावी लागते. कॉल जोडण्याचं काम हीच लायब्ररी करते, पण जामीने तिला इतकी ठिगळं (कोडमधले बदल) लावलीत की मूळ प्रतीवर जामी चालतच नाही. मग ती ठिगळांची प्रत जामीच्या पोटातच ठेवायची.

पॅकेज बांधणाऱ्यांची एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. डेबियनच्या जामी पॅकेजच्या आवृत्तीत आकड्यानंतर टिल्ड (~) आणि डीएस दिसतं. म्हणजे मूळ टारबॉलमधला (कोडच्या गठ्ठा-फाइलमधला) नको तो भाग काढून तो पुन्हा बांधलाय. टिल्ड लागलेला आकडा एपीटी नुसत्या आकड्यापेक्षा लहान मानतं: १.०~डीएस१ हे १.० च्या खालचं.

मी तर कॉलिंगसाठी कर्त्यांचंच पॅकेज घेईन. समोरचा माणूस नव्या आवृत्तीवर आणि आपण डेबियनच्या स्टेबल, म्हणजे स्थिर शाखेत गोठलेल्या जुन्या, यात कटकट फार. फक्त ते भांडार एकदा जोडलं की विसरायला होतं. मी विसरलो होतो आणि माइकचा बग भलत्याच दारी नोंदवून आलो. आता आधी एपीटी पॉलिसी जामी चालवतो. तीन तारे असलेल्या ओळीखाली भांडाराचा पत्ता असतो, तक्रार त्याच दारी न्यायची.