पावान की मिन्युएट?

ऐतिहासिक चित्रपटात मेणबत्त्यांच्या उजेडात जोडपी गंभीर चेहऱ्यानं सरकू लागली, की आपण त्या युरोपी दरबारी नाचाला सरसकट ‘मिन्युएट’ म्हणून मोकळे होतो. काळ सोळाव्या शतकाचा असेल, तर तो पावान असण्याची शक्यता जास्त.

पावान म्हणजे खरं तर मिरवणूकच. जोडप्यामागे जोडपं, ढोलाचा संथ, दोनाचा ठेका. दोन साधी पावलं आणि एक दुहेरी पुढे. मग तसंच मागे. त्वानो आर्बो या धर्मगुरूनं (हो, धर्मगुरूनंच!) १५८९ साली नाचावर पुस्तक लिहिलं. पावानमध्ये राजेलोकांना आपले भारी झगे आणि राण्यांना जमिनीवर लोळणारे घोळ मिरवता येतात, हे त्यानं त्यात न लाजता सांगून टाकलंय.

मिन्युएट फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारातला, तीनाच्या ठेक्याचा. इथे घोळक्यात लपता येत नाही. मानाच्या क्रमानं एकेक जोडपं उठतं, बाकीचा दरबार बघत बसतो. सहा मात्रांत चार बारीक पावलं बसवायची, झेड अक्षराच्या रेषेत एकमेकांना ओलांडायचं, आधी उजवा हात द्यायचा, मग डावा, शेवटी दोन्ही. चुकलात तर राजासमोर चुकलात.

विज्ञानकथेत दोघांचं नशीब वेगळं निघालं. कीथ रॉबर्ट्सच्या ‘पावान’ (१९६८) या कादंबरीत १५८८ साली पहिल्या एलिझाबेथचा खून होतो, स्पॅनिश आरमार जिंकतं, आणि विसाव्या शतकातही इंग्लंडवर रोमच्या चर्चचा अंमल असतो. रस्त्यांवर वाफेची इंजिनं माल ओढतात, निरोप सेमाफोरच्या (हलत्या दांड्यांनी खुणा करणाऱ्या) मनोऱ्यांवरून टेकडीमागून टेकडी जातात. प्रकरणांना ‘मेझर’ (संगीतातलं माप) म्हटलंय, शेवटी ‘कोडा’ (समारोपाचा तुकडा) येतो. शास्त्राला लगाम घातलेल्या त्या जगाची चाल पावानचीच आहे. मिन्युएटची चटपट पावलं तिथे शोभली नसती.

मिन्युएटच्या वाट्याला मात्र नुसतं नाव आलं. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’च्या १९८८ मधल्या ‘११००१००१’ या भागात होलोडेकवर, म्हणजे अंतराळजहाजातल्या आभासी दृश्यं उभी करणाऱ्या खोलीत, मिन्युएट नावाची मोहक स्त्री अवतरते. जहाजावरचा अधिकारी रायकर तिच्यात गुंततो आणि तेवढ्यात बायनर हे परग्रहवासी अख्खं जहाज पळवतात. दरबार शोधायला जाल, तर भेटतो न्यू ऑर्लिन्सचा जॅझ बार, आणि रायकरच्या हातात ट्रॉम्बोन.