रेडिएटर फॅनचे नियंत्रण : आफ्टरमार्केट ईसीयूद्वारे

मोटारीच्या रेडिएटरला लावलेला विजेचा फॅन कधी सुरू करायचा आणि कधी थांबवायचा, हे काम मूळ थर्मोस्विचकडून काढून नंतर बसवलेल्या इंजिन-संगणकाकडे देण्याची पद्धत. असा संगणक, म्हणजे आफ्टरमार्केट ईसीयू, मुख्यतः इंधन आणि स्पार्क सांभाळण्यासाठी बसवला जातो. त्यासाठी कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवायला फिरणाऱ्या पाण्याचे, तापमान तो मोजतच असतो, त्यामुळे त्याच मापावर फॅन चालवणे सोयीचे पडते. ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो या अमेरिकनांनी २००१ मध्ये आणलेला मेगास्क्वर्ट आणि आर्डुइनो मेगा बोर्डावर बांधलेला, मुक्तस्रोत स्पीडुइनो ही घरी जोडता येणाऱ्या ईसीयूंची सर्वांत परिचित उदाहरणे. दोन्हींची सेटिंग लॅपटॉपवर ट्यूनरस्टुडिओ या प्रोग्रॅममधून करता येते.

अँबॅसडरसारख्या, इंजिन उभे म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेल्या जुन्या गाड्यांत फॅन इंजिनच्याच पट्ट्यावर फिरे. पुढे इंजिन आडवे बसवण्याची पद्धत आली, पट्टा रेडिएटरपर्यंत नेणे अवघड झाले आणि फॅनला स्वतंत्र मोटर मिळाली. तिला चालू-बंद करणारा थर्मोस्विच ठरावीक तापमानालाच जुळतो आणि तुटतो. तो मजबूत असतो, पण त्याचा आकडा बदलता येत नाही आणि फॅन सुरू झाल्याची खबर इंजिनच्या बाकी यंत्रणेला लागत नाही.

ईसीयूमध्ये किमान दोन गोष्टी भराव्या लागतात : फॅन सुरू होण्याचे तापमान आणि ते किती अंश उतरल्यावर तो थांबावा, तो फरक. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप, ८२ अंश सेल्सिअसला उघडू लागत असेल, तर ९५ ला सुरू आणि ९० ला बंद ही जोडी बहुतेक गाड्यांना मानवते. ८८ चा थर्मोस्टॅट असेल तर दोन्ही आकडे थोडे वर न्यावेत. इंजिन थंड राहावे या काळजीने पुष्कळ जण बंद होण्याचा आकडा ८० ठेवतात. तेवढ्या खाली कूलंट सहसा उतरतच नाही, कारण त्याआधी थर्मोस्टॅट मिटू लागतो आणि इंजिनची उष्णता आतच राखतो. परिणामी फॅन एकदा लागला की किल्ली काढेपर्यंत फिरत राहतो. मूळ थर्मोस्विचवर छापलेला आकडा जसाच्या तसा उचलणेही चुकीचे. तो स्विच अनेक गाड्यांत रेडिएटरच्या थंड बाजूला असतो, तर ईसीयूचा सेन्सर इंजिनमधून बाहेर पडणाऱ्या गरम पाण्यात. दोन जागांच्या तापमानात बराच फरक असतो.

या सगळ्यात सर्वांत जास्त घोळ होतो तो अर्थिंगमध्ये, म्हणजे करंटच्या परतीच्या वाटेत, आणि या विषयाचा खरा गाभाही तोच आहे. कूलंट सेन्सर हा तापमान वाढले की रोध कमी होणारा थर्मिस्टर असतो. जनरल मोटर्सच्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सेन्सरचा रोध २० अंशांना ३,५२० ओहम असतो, तर १०० अंशांना फक्त १७७ ओहम. मेगास्क्वर्ट ५ व्होल्टवरून २,४९० ओहमच्या रोधातून त्याला पुरवठा देतो. म्हणजे १०० अंशांना सेन्सरवर सुमारे ०.३३ व्होल्ट येतात आणि ९० अंशांना सुमारे ०.४४. दहा अंशांचा सगळा फरक जेमतेम एक दशांश व्होल्टमध्ये सामावलेला आहे. आता सेन्सरची अर्थ ईसीयूकडे स्वतंत्र न आणता इंजिनवर दिली आणि २० अँपिअर ओढणाऱ्या फॅनचा परतीचा करंटही त्याच वाटेने गेला, तर ५ मिलिओहमचा सांधासुद्धा ०.१ व्होल्टची चूक घडवतो. फॅन सुरू होताच सेन्सरचा व्होल्टेज वर सरकतो, ईसीयूला पाणी एकदम नऊ-दहा अंशांनी थंड झाल्यासारखे दिसते आणि तो फॅन बंद करतो. करंट थांबतो, माप पुन्हा वर जाते, फॅन पुन्हा लागतो. फॅनचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच, म्हणजे रिले, टकटक वाजू लागतो आणि लोक रिले बदलत बसतात. बंद होण्याचा फरक वाढवून हे झाकता येते, पण तापमानाचे खोटे माप इंधनाच्या आणि इग्निशनच्या हिशोबात तसेच राहते. म्हणून सेन्सरची परतीची तार ईसीयूच्या सेन्सर-अर्थवरच आणावी आणि फॅनची अर्थ जाड तारेने वेगळी न्यावी. यात तडजोड नाही.

फॅनची मोटर ईसीयूच्या पिनवर कधीच थेट जोडत नाहीत. मोटर १० ते ३० अँपिअर घेते आणि सुरू होताना काही क्षण त्याच्या कित्येक पट. ईसीयू फक्त रिलेची कॉइल अर्थ करतो. नेहमीच्या चौकोनी रिलेत ८५ आणि ८६ या टोकांत कॉइल असते. ३० ला बॅटरीकडून फ्यूजमार्गे पुरवठा आणि ८७ वरून फॅन. कॉइल १५०-२०० मिलिअँपिअरच घेते, पण बंद होताना उलटा, मोठा व्होल्टेज फेकते. ईसीयूच्या आउटपुटला आतून संरक्षण नसेल, तर कॉइलवर डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावावाच लागतो, पट्टीची बाजू बारा व्होल्टकडे ठेवून.

फॅनचा भार इंजिनला जाणवतो. १४ व्होल्टला २० अँपिअर म्हणजे २८० वॉट; अल्टरनेटरमधील नासाडी धरली, तर पट्ट्यावर जवळपास अर्धा किलोवॉट. हायवेवर हे कळतही नाही, पण सिग्नलला आयडलिंगवर असलेले छोटे इंजिन गचके खाते. त्यात व्होल्टेज क्षणभर पडला की इंजेक्टर उघडायला जास्त वेळ घेतो, तेवढ्याच पल्समध्ये कमी इंधन जाते आणि मिश्रण पातळ होते. थर्मोस्विचला यातले काही करता येत नाही. ईसीयूला येते : बॅटरी व्होल्टेजनुसार इंजेक्टरचा वेळ वाढवता येतो, आणि आयडल-अपची, म्हणजे आयडलिंगचा वेग वाढवण्याची, सोय असेल तर फॅन लागण्याआधीच आयडल व्हॉल्व्ह थोडा उघडता येतो. फॅन ईसीयूकडे देण्याचे सर्वांत मोठे कारण हेच, थंडावा त्यानंतर.

बाकी सोयी साध्या आहेत. स्टार्टर फिरताना फॅन बंद ठेवावा, म्हणजे बॅटरीवर दुहेरी ताण येत नाही. एसी चालू असताना कंडेन्सरसाठी फॅन लागतोच, मग पाणी थंड का असेना. चांगल्या वेगात वाऱ्याचा झोत पुरतो, म्हणून काही ईसीयूंत ठरावीक वेगापुढे फॅन थांबवण्याची सोय असते; मात्र घाटात ट्रकमागे दुसऱ्या गिअरवर चढताना वेग नसतो आणि उष्णता भरपूर असते, तेव्हा हा आकडा फार खाली ठेवू नये. पल्स-विड्थ पद्धतीने, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करून, फॅनचा वेग कमी-जास्त करणेही शक्य आहे, पण त्यासाठी तेवढा करंट पेलणारा मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) किंवा सॉलिड-स्टेट रिले हवा. साधा रिले पल्सवर चालवला तर त्याचे काँटॅक्ट जळतात. रोजच्या गाडीला चालू-बंद पद्धत पुरेशी आहे.

सेन्सरची तार तुटल्यास काय होते, हे आधीच तपासून ठेवणे आवश्यक असते. थर्मिस्टरचे सर्किट उघडे पडले की ईसीयूला ते उणे ४० अंशांसारखे भासते, आणि उणे ४० ला फॅन लावण्याचे कारणच उरत नाही. इंजिन उकळत असताना पडद्यावर बर्फाचा आकडा दिसतो. सेन्सर बिघडल्यावर फॅन आपोआप सुरू करण्याची सोय ईसीयूत असेल, तर ती चालू ठेवावी आणि इंजिन चालू असताना सेन्सरचा प्लग काढून खात्री करून घ्यावी. तशी सोय नसेल, तर मूळ थर्मोस्विच न काढता ईसीयूच्या आउटपुटला समांतर, रिलेची तीच कॉइल अर्थ करेल असा, जोडून ठेवतात, ईसीयूच्या आकड्यापेक्षा तो थोडा उशिरा लागेल असा.