३०२ चा गुंता: पोस्टची गेट कुठे आणि का होते

प्रोग्रामने पोस्ट (सर्व्हरला माहिती देणारी विनंती) पाठवली, सर्व्हरने ३०२ हा ‘दुसऱ्या पत्त्यावर जा’ सांगणारा कोड दिला, आणि विनंत्या पाठवणाऱ्या लायब्ररीने उत्तरातल्या ‘लोकेशन’मधल्या नव्या पत्त्यावर गेट (नुसतं पान मागणारी विनंती) पाठवली. शेवटी २०० (‘सगळं ठीक’) आला म्हणून पुढचा कोड निर्धास्त चालला. नोंद मात्र डेटाबेसमध्ये पडलीच नाही. लायब्ररीच्या नावाने अशी तक्रार नोंदवली की ‘हे अपेक्षितच आहे’ असं उत्तर येतं आणि तक्रार बंद होते. उत्तर चुकीचं नाही. पण ते बरोबर ठरायला वीसेक वर्षं लागली, आणि त्या काळात नियम पाळणाऱ्यांपेक्षा मोडणाऱ्यांचंच चाललं.

गुंत्याची सुरुवात नावापासून आहे. वेबच्या अगदी सुरुवातीच्या मसुद्यात ३०२ चं नाव ‘फाउंड’ होतं. मे १९९६ मध्ये एचटीटीपी १.० ची आरएफसी (नियमांचा क्रमांकित दस्तऐवज) क्रमांक १९४५ आली तेव्हा ते ‘मूव्हड टेम्पररिली’ झालं आणि जून १९९९ च्या आरएफसी २६१६ मध्ये परत ‘फाउंड’. ‘तात्पुरतं हलवलंय’ म्हटलं की जे काम घेऊन आलो तेच नव्या जागी जाऊन करायचं, असा अर्थ निघतो. ‘सापडलं, तिकडे आहे’ म्हटलं की नुसतं तिकडे जाऊन बघायचं. मानकाच्या मजकुराचा रोख पहिल्या अर्थाकडे होता. सर्व्हरवर प्रोग्राम लिहिणारे दुसऱ्या अर्थाने कोड वापरत होते: फॉर्म मिळाला, आता पावतीचं पान इथे बघा.

आरएफसी १९४५ मध्ये पोस्टबद्दल स्पष्ट अट होती की वापरकर्त्याने होकार दिल्याशिवाय रिडायरेक्ट (नव्या पत्त्याकडे वळवणं) आपोआप पाळायचा नाही. त्याखालच्या टिपेत लगेच कबुलीही होती, की काही प्रोग्राम चुकीने पोस्टची गेट करतात. ‘चुकीने’ हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढे तो गळला.

ही अट ब्राउझर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली होती. ब्राउझर चौकट उघडून विचारू शकतो. रात्री दोन वाजता क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चाललेली लायब्ररी कोणाला विचारणार? तिच्यापुढे तीनच वाटा उरतात: थांबून ३०२ जसाच्या तसा परत देणं, पोस्ट पुन्हा पाठवणं, किंवा ब्राउझर करतात तेच करणं. बहुतेकांनी तिसरी वाट धरली, कारण सर्व्हर ब्राउझरवर तपासूनच चालवले जात.

जानेवारी १९९७ च्या आरएफसी २०६८ मध्ये ‘गेट करूनच जा’ असं सांगणारा ३०३ आला. ‘मेथड (पोस्ट, गेट असा विनंतीचा प्रकार) बदलू नका’ सांगणारा ३०७ यायला १९९९ उजाडलं. माझ्या मते खरी चूक या क्रमात आहे. दोन्ही कोड एकदम आणि आधी आले असते तर ३०२ ला आपोआप निवृत्ती मिळाली असती. तोवर लाखो पानं ३०२ वर उभी राहिली होती. शेवटी जून २०१४ च्या आरएफसी ७२३१ ने ‘ऐतिहासिक कारणांमुळे’ ३०१ (पत्ता कायमचा बदलला) आणि ३०२ वर पोस्टची गेट करायला परवानगी दिली. सक्ती नाही, मनाईही नाही. ही मधली भूमिकाच आजच्या विसंगतीचं मूळ आहे. कायमच्या बदलासाठी मेथड जपणारा ३०८ त्याच महिन्यात प्रायोगिक म्हणून आला. तोवर एका मोठ्या कंपनीने तो क्रमांक अर्धवट राहिलेल्या अपलोडसाठी परस्पर वापरायला घेतला होता.

परवानगी सैल, म्हणून लायब्ररीगणिक वागणं वेगळं. पायथनची रिक्वेस्ट्स ही लायब्ररी ३०२ वर हेड (बॉडीशिवाय फक्त हेडर मागणारी मेथड) सोडून सगळ्या मेथडची गेट करते, ३०१ वर मात्र फक्त पोस्टची. ‘मानक काहीही म्हणो, ब्राउझर करतात तेच करा’ अशा अर्थाची टिप्पणीच तिच्या कोडमध्ये आहे. गो भाषेची मूळ लायब्ररी दोन्ही कोडवर पुट आणि डिलीट या मेथडचीही गेट करते. ब्राउझरमधलं फेच हे फंक्शन पुटला हात लावत नाही. म्हणजे तोच सर्व्हर, तोच ३०२, आणि पुटचं काय होणार हे तुम्ही कोणत्या भाषेत लिहिताय यावर ठरतं. कर्ल या कमांडलाइन साधनात पोस्ट टिकवायला वेगळे पर्याय द्यावे लागतात.

मेथड जपायची म्हटली तर लायब्ररीच्या पोटात काम वाढतं. ३०७ वर बॉडी (सोबतचा मजकूर) पुन्हा पाठवायची असते, आणि ती फाइलमधून किंवा स्ट्रीममधून आली असेल तर एव्हाना वाचून संपलेली असते. म्हणून लायब्ररीला सुरुवातीची जागा लक्षात ठेवून मागे जावं लागतं, नाहीतर बॉडी नव्याने देणारं फंक्शन हाताशी लागतं. गोने २०१७ च्या १.८ आवृत्तीत नेमकं हेच केलं. त्याआधी ती ३०७ वर पोस्ट पुढे नेतच नव्हती. शिवाय रिडायरेक्टच्या उत्तराची बॉडी वाचून संपवली नाही तर एचटीटीपी १.१ चं ते कनेक्शन पूलमध्ये, म्हणजे पुन्हा वापरायच्या साठ्यात, परत जात नाही. म्हणून गो ती थोडीशी, दोन केबीपर्यंत, वाचून टाकते.

हेडरचा, म्हणजे विनंतीला जोडलेल्या माहितीच्या ओळींचा, प्रश्न याहून जोखमीचा. २०१८ मध्ये कर्ल आणि रिक्वेस्ट्स दोघांनाही ऑथरायझेशन (ओळख पटवणाऱ्या) हेडरसाठी दुरुस्ती काढावी लागली. हाताने जोडलेला तो हेडर कर्लकडून दुसऱ्या होस्टकडे जात होता. रिक्वेस्ट्सकडून तो होस्ट तोच असला तरी एचटीटीपीएसवरून साध्या एचटीटीपीवर उतरताना उघडा जात होता.

एचटीटीपीएस सर्वत्र झालं तसं जुन्या पत्त्यावर ३०१ देऊन नव्याकडे वळवणं नेहमीचं झालं आणि हा गुंता पुन्हा वर आला. कॉन्फिगमध्ये एक ‘एस’ राहून गेला की पहिली पोस्ट उघड्यावर जाते, ३०१ येतो, आणि सुरक्षित कनेक्शनवर पोचते ती बॉडी नसलेली गेट.

जावाच्या विनंत्या पाठवणाऱ्या जुन्या क्लासमध्ये रिडायरेक्ट आपोआप पाळला जाई आणि पोस्टची गेट होई. ते थांबवायला वेगळी सिस्टम प्रॉपर्टी होती. २०१८ मध्ये जावा ११ सोबत आलेला नवा क्लायंट सांगितल्याशिवाय एकही रिडायरेक्ट पाळत नाही. कर्लमागची लायब्ररी लिबकर्लही पहिल्यापासून असंच वागते. विचारायला माणूस समोर नसताना ३०२ जसाच्या तसा हातात ठेवणं मला सर्वात प्रामाणिक वाटतं, आणि १९९६ च्या त्या अटीला तेच सर्वात जवळचं आहे.